डोंगरवाटेसाठी किल्ट: कापड, माप, शिलाई आणि किंमत

लग्नात भाड्याने आणलेला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख, आणि डोंगरात वापरायचा किल्ट लांबून सारखेच दिसतात. फरक कळतो तो चालायला लागून तिसऱ्या तासाला. मांड्या काचू लागतात, सॅकचा कमरपट्टा बक्कल हाडात रुतवतो, आणि ओली किनार गुडघ्यामागे घासून तिथली कातडी लाल होते. यातलं जवळजवळ सगळं खरेदीच्या वेळीच टाळता येतं, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात असंही नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे भटकायला जाणाऱ्या आणि पहिल्यांदाच किल्ट घेणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे.

आधी रचना समजून घेऊ. किल्ट म्हणजे लांबलचक कापडाची एक पट्टी. तिचा मधला भाग निऱ्या घालून पाठीमागे शिवलेला असतो आणि दोन्ही टोकं सपाट ठेवून पुढे एकावर एक गुंडाळतात. या सपाट भागांना ॲप्रन म्हणतात, एक वरचा आणि एक आतला. पुरुषांच्या किल्टमध्ये वरचा ॲप्रन उजवीकडे बंद होतो. निऱ्या कंबरेपासून खाली पार्श्वभागाच्या सर्वांत रुंद जागेपर्यंत शिवून पक्क्या केलेल्या असतात. या शिवलेल्या भागाला फेल म्हणतात. फेलच्या खाली निऱ्या मोकळ्या असतात आणि चालताना उघडझाप करतात. साडी नेसणाऱ्यांना किंवा नेसवणाऱ्यांना हे सांगायला नको: निऱ्या नीट बसल्या तर पाय मोकळा पडतो, विस्कटल्या तर पायात येतात. किल्टमध्ये निऱ्या खोचण्याऐवजी शिवलेल्या असतात, त्यामुळे शिलाई फसली की जागेवर काही करता येत नाही.

पहिली पायरी: कुठे चालणार ते ठरवा

वेस्ट हायलँड वेसारखी रुळलेली वाट (मिल्नगाय, म्हणजे गावातले लोक म्हणतात तसं ‘मलगाय’, ते फोर्ट विल्यम, १५४ किलोमीटर) असेल तर जवळजवळ कुठलाही बरा किल्ट चालतो. वाट सोडून हेदर आणि ब्रॅकनच्या झुडपांतून एखादा मन्रो, म्हणजे ३,००० फुटांपेक्षा उंच स्कॉटिश डोंगर, चढायचा असेल तर कापड जाड हवं आणि पायांना गेटर्स, म्हणजे बुटापासून पोटरीपर्यंतची आवरणं, हवीत. आणि काही ठिकाणी किल्ट नकोच. स्काय बेटावरच्या कुलिनसारख्या कातळधारांवर हात लावून चढताना गुडघा वर घेतला की ॲप्रन पुढे लोंबतो आणि पाय ठेवायची खाच त्याच्याआड जाते. हार्नेसचे मांडीपट्टे किल्टवरून बसत नाहीत, आतून घातले तर निऱ्यांचा बोळा होतो. हिवाळ्यात क्रॅम्पॉनचे, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली बांधायच्या लोखंडी सांगाड्याचे, दात किनारीत अडकून माणूस तोंडावर पडू शकतो. अशा दिवशी पँट घाला, त्यात कमीपणा नाही. लढाऊ पलटणींमधूनही किल्ट १९४० मध्ये काढून घेतला गेला.

बाकी दिवशी किल्टचे फायदे खरे आहेत. चढावर मांड्यांना वारा लागतो, ढांग मोकळी पडते, ओढा ओलांडताना काही गुंडाळावं लागत नाही, आणि पावसात भिजलेली उघडी पोटरी ओल्या पँटपेक्षा कितीतरी लवकर सुकते.

दुसरी पायरी: कापड

इथे वेळ घालवा. बहुतेक चुका इथेच होतात.

किल्टच्या कापडाचं वजन औंसात सांगतात: पूर्ण पन्ह्याच्या, म्हणजे साधारण दीड मीटर रुंद कापडाच्या, एका यार्डाचं वजन. १०-११ औंस हलकं, १३ मध्यम, १६ जड, आणि त्यावरचं १८ ते २२ औंस म्हणजे जुनं लष्करी कापड. मीटरमध्ये बोलायचं तर १३ औंस म्हणजे मीटरला ४०० ग्रॅम आणि १६ औंस म्हणजे ५०० ग्रॅमच्या आसपास. हलकं कापड चालायला बरं असं नवख्यांना वाटतं. पण निऱ्या खाली राहतात त्या स्वतःच्या वजनावर. १०-११ औंसाचा किल्ट खिंडीतल्या वाऱ्यात उलटा होतो, आणि स्कॉटलंडच्या खिंडीत वारा नसलेला दिवस शोधावा लागतो. शिवाय हलक्या कापडाच्या निऱ्या एका पावसात मोडतात.

लोकर ही डोंगरासाठी अजूनही पहिली निवड. ती आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा ओढून घेते आणि तरी हाताला ओलीगच्च लागत नाही, भिजली तरी ऊब देते. शेकोटीची ठिणगी पडली तर जळत जाण्याऐवजी बहुतेक वेळा विझते. चिखल सुकला की ब्रशने झडतो. १३ औंसाची लोकर बहुतेकांना वर्षभर पुरते. थंडी सोसत नसेल किंवा झुडपांतून खूप जायचं असेल तर १६. दोष दोनच: किंमत, आणि सुकायला लागणारा वेळ. पूर्ण भिजलेला जड लोकरी किल्ट तंबूत एका रात्रीत सुकत नाही.

पॉलिएस्टर-व्हिस्कोस, दुकानांत ‘पीव्ही’ म्हणतात ते, साधारण ६५-३५ प्रमाणाचं मिश्र कापड. हाताला लोकरीसारखं लागतं, मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही आणि निऱ्या चांगल्या धरतं. लोकरीची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि ज्यांना दर भटकंतीनंतर धुवायचंच आहे अशांनी हे घ्यावं. ओलं झाल्यावर लोकरीइतकी ऊब देत नाही आणि चुलीपासून, म्हणजे कॅम्पस्टोव्हपासून, लांब ठेवावं लागतं.

सुती कॅनव्हास किंवा ड्रिलचे, खिसेवाले किल्ट ‘युटिलिटी किल्ट’ म्हणून मिळतात. २००० मध्ये सिॲटलमध्ये सुरू झालेल्या युटिलिकिल्ट्स या कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला आणि आता त्याच्या नकला सगळीकडे आहेत. कोरड्या हवेत, बागकामाला, लाकडं फोडायला, कॅम्पवर यांच्यासारखा कपडा नाही. काट्यात खोच लागली तरी फाटत नाही. पण सुती कापड पाणी पितं, जड होतं, अंगाला चिकटतं आणि थंड पडतं. पावसाळी डोंगरात दिवसभराच्या चालीला शुद्ध सुती किल्ट घेऊ नका. त्यात साठ-चाळीस पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर परिस्थिती पुष्कळ सुधारते.

राहिलं ॲक्रिलिक. सर्वांत स्वस्त किल्ट याचेच असतात आणि विक्रीच्या पानावर ‘ॲक्रिलिक वूल’ असं लिहिलेलं असतं. त्यात लोकर नसते. सॅक घासते तिथे काही दिवसांतच गोळे येतात, निऱ्यांना इस्त्री धरत नाही, आणि ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. एखाद्या संध्याकाळच्या समारंभाला चालेल. डोंगराला नको.

विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास नसेल तर आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे ओढून घ्या आणि चिमट्यात धरून मोकळ्या जागी पेटवा. केस जळल्याचा वास आणि चुरडली जाणारी काळी राख म्हणजे लोकर. कागद जळल्याचा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सुती. वितळून टोकाला कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. मिश्र कापडात दोन्ही खुणा एकत्र दिसतात.

रंगाबद्दल दोनच ओळी. अमुक टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडावरचा रंगीत चौकड्यांचा नमुना, अमुक घराण्यानेच वापरावा असा कायदा नाही, आणि ब्लॅक वॉचसारखे टार्टन तर कोणीही घालतं. डोंगरासाठी ‘हंटिंग’ किंवा ‘वेदर्ड’ म्हणून विकले जाणारे हिरवे-तपकिरी मळखाऊ रंग घ्या. पांढरी पार्श्वभूमी असलेले ‘ड्रेस’ टार्टन पहिल्याच दलदलीत कामातून जातात.

तिसरी पायरी: किती यार्ड

पारंपरिक पूर्ण किल्ट ८ यार्डांचा, म्हणजे सव्वासात मीटरच्या थोडा वर. कापड पन्ह्यात मधोमध कापून दोन पट्ट्या जोडतात, त्यामुळे प्रत्यक्षात ४ यार्ड कापड लागतं. १६ औंसात त्याचं वजन अस्तर-पट्ट्यांसह २ किलोच्या आसपास जातं. कंबरेमागे निऱ्यांचे इतके थर येतात की त्यावर सॅकची पाठ नीट बसत नाही. ५ यार्डांचा किल्ट १३ औंसात किलो-सव्वा किलोत बसतो आणि चालायला पुरेसा घेर देतो. डोंगरासाठी ५ यार्ड हा योग्य आकडा. ४ यार्डांचा, रुंद पेटी-निऱ्यांचा म्हणजे बॉक्स प्लीटचा किल्टही उत्तम चालतो. उलट आठ यार्डांचा किल्ट फुकट मिळाला तर नाकारू नका, फक्त त्याच्यासोबत मोठी सॅक घेऊ नका.

स्वस्त मालात यार्डांचा आकडा फुगवलेला असतो. पडताळणी सोपी आहे. निऱ्या मोजा. एका निरीची बाहेर दिसणारी रुंदी आणि आतली खोली टेपने घ्या. दिसणारी रुंदी अधिक खोलीची दुप्पट, हे एका निरीचं कापड. त्याला निऱ्यांच्या संख्येने गुणा आणि दोन्ही ॲप्रनची रुंदी मिळवा. उदाहरणार्थ, ३ सेंटिमीटर दिसणाऱ्या आणि ७ सेंटिमीटर खोल अशा १७ निऱ्या: एका निरीला १७ सेंटिमीटर, एकूण २ मीटर ८९, अधिक ॲप्रनचे साधारण १ मीटर ३०, म्हणजे सव्वाचार मीटरच्या जवळ, साडेचार यार्डांपेक्षा किंचित जास्त. निरीची खोली ५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मोठी ढांग टाकताना निरी पूर्ण उघडून सपाट होते आणि सगळा ताण फेलच्या शेवटच्या टाक्यावर येतो. किल्ट तिथेच उसवतो.

चौथी पायरी: माप

जीन्सचा नंबर सांगून किल्ट मागवू नका. जीन्स कंबरेच्या खाली बसते, किल्ट बेंबीच्या पातळीवर किंवा किंचित वर. शिवाय जीन्सवर छापलेला आकडा आणि टेपचा आकडा यांत सहज दोन ते चार इंचांचा फरक निघतो. मापं तीनच, पण दुसऱ्या कोणाकडून घ्यावीत. आपण स्वतः वाकलो की टेप सरकतो.

पहिलं माप कंबर. बेंबीवरून टेप आडवा फिरवा, श्वास सोडून उभे राहा, पोट आत ओढू नका. टेपखाली एक बोट जाईल इतकी सैल. दुसरं माप शिंपी ज्याला सीट म्हणतात ते: पार्श्वभागाच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून. तिसरं उंची: कंबरेच्या टेपपासून खाली गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत, बाजूने.

पारंपरिक उंची गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मानतात, पण डोंगरासाठी ती दोन ते पाच सेंटिमीटरने कमी करा. कारण व्यवहाराचं आहे. लांब किल्टची ओली किनार प्रत्येक पावलाला गुडघ्यामागच्या खळगीत घासते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या हायलँडर सैनिकांच्या किनारीला चिखल लागून गोठायचा आणि ती कडक कड पाय कापायची. तपासणी अशी: ताठ गुडघ्यावर बसा. किनार जमिनीला न टेकता दोन-तीन सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. टेकली तर किल्ट लांब आहे.

सीटच्या मापात चूक झाली तर ती लगेच दिसते. घट्ट असेल तर निऱ्या फेलखाली तोंड उघडून उभ्या राहतात, सैल असेल तर मागे झोळ पडतो. उभं असताना निऱ्या मिटलेल्या आणि सरळ लोंबलेल्या हव्यात. कंबर आणि सीट यांत जास्त फरक असलेल्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, तयार मापाऐवजी मापानुसार शिवलेला घ्यावा. फेलमध्ये निऱ्या वर निमुळत्या केल्याशिवाय तो फरक सामावत नाही, आणि तयार मालात ही मेहनत सहसा केलेली नसते. पट्ट्यांची भोकं कंबर चार-पाच सेंटिमीटर कमीजास्त होण्यापुरतीच असतात. दोन आकड्यांच्या मध्ये असाल तर मोठा घ्या: बक्कल सरकवून घट्ट करता येतं, कापड वाढवता येत नाही.

पाचवी पायरी: उलटा करून पाहा

दुकानात असाल तर किल्ट लगेच उलटा करा. ऑनलाइन घेत असाल तर आतल्या बाजूचा फोटो मागा. फोटो देत नसतील तर तिथून घेऊ नका.

निऱ्यांमागे, कंबरेपासून फेलपर्यंत, कॅनव्हासचा किंवा निदान चांगल्या बकरमचा, म्हणजे ताठ अस्तर-कापडाचा, थर हवा. सगळा ताण तो घेतो. तो नसेल आणि नुसतं पातळ अस्तर लावलेलं असेल तर किल्टचं वजन शिवणीच्या दोऱ्यावर येतं आणि हंगामभरात मागचा भाग पसरतो. चिकटवलेला बकरम धुण्यात सुटतो. शिवलेला हवा.

मग शेजारच्या दोन निऱ्या दोन हातांत धरून बेताने बाजूला ओढा. शिवणीत दोरा चकाकताना दिसला आणि फट पडली तर टाके सैल आहेत. फेलच्या तळाशी प्रत्येक निरीला पक्की गाठ किंवा आडवे घट्ट टाके हवेत. मोठ्या ढांगेला पहिला तुटतो तो हाच बिंदू.

आतला ॲप्रन पुरता रुंद आहे का ते पाहा. तो वरच्या ॲप्रनखालून पार दुसऱ्या बाजूच्या निऱ्यांपर्यंत पोचायला हवा. कापड वाचवण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे हा आतला ॲप्रन, कारण तो दिसत नाही. दिसत नाही तो फक्त वारा सुटेपर्यंत.

खालची किनार. चांगल्या लोकरी किल्टला खाली दुमड नसते, विणलेला काठच खाली येतो. दुमड घालून शिवलेली लोकरी किनार म्हणजे कापड किल्टसाठी विणलेलं नाही. सुती किल्टला दुमड असतेच. तिथे शिवण दुहेरी आहे का बघा, कारण झुडपाला घासून हीच आधी उसवते.

सहावी पायरी: बंद, खिसे आणि सॅक

पारंपरिक किल्टला तीन चामडी पट्ट्या असतात: डावीकडे वर एक, उजवीकडे वर एक, आणि उजवीकडे खाली एक. वरच्या दोन्ही सॅकच्या कमरपट्ट्याच्या वर येतात, त्यांचा त्रास नाही. खालची उजवी नेमकी कमरेच्या हाडावर, पट्ट्याच्या गादीखाली येते. दहा-बारा किलोची सॅक तीन तास वाहिली की त्या जागी वळ उठतो. मोठी सॅक नेणार असाल तर दोनच पट्ट्यांचा किल्ट घ्या किंवा खालची पट्टी शिंप्याकडून उसवून घ्या, किल्ट तिच्यावाचून नीट बसतो. वरून लावायचा रुंद शोभेचा कमरपट्टाही घरी ठेवा.

युटिलिटी किल्टला टिचबटणं असतात. ती चपटी असल्यामुळे सॅकखाली बरी. पण बटणामागे कापडाचे निदान तीन-चार थर किंवा चामड्याची चकती हवी. नाहीतर जोरात ओढताना बटण कापडासकट उपटून येतं आणि मागे भोक राहतं. वेल्क्रो टाळा. गवताची कुसळं आणि लोकरीचे तंतू त्यात भरतात आणि पकड जाते.

खिसे बघून भुलू नका. निऱ्यांवर चारही बाजूंनी शिवलेला खिसा त्याच्याखालच्या निऱ्या जखडून टाकतो, त्या बाजूला पाय अडतो. वरच्या कडेलाच टांगलेले किंवा काढता येणारे खिसे चांगले. त्यात मोबाइल आणि पाण्याची बाटली भरली तर प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतात. जड सामान सॅकमध्येच ठेवा. मागचे खिसे सॅक लावल्यावर हाताला लागत नाहीत. चामड्याचा स्पोरन, म्हणजे पुढची लोंबती पिशवी, चढावर मांड्यांवर आपटतो आणि पावसाने कडक होतो. त्याऐवजी साधा कंबरपाऊच पुरे.

सातवी पायरी: कुठून आणि कितीला

स्कॉटलंडमध्ये हाताने शिवलेला, आठ यार्डी, नवा लोकरी किल्ट ५०० पौंडांच्या आसपास आणि त्यापुढे जातो. शिवायलाच कित्येक तास लागतात, तेव्हा ती किंमत अवाजवी नाही. पण तो डोंगरात चिखलात लोळवण्यासाठी घेऊ नये. पीव्हीचा पाच यार्डी किल्ट साधारण ६० ते १२० पौंडांत मिळतो. ॲक्रिलिकचे ३०-४० पौंडांपासून. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये स्वस्त किल्ट मोठ्या प्रमाणावर शिवले जातात, आणि त्यात वाईटापासून बऱ्यापर्यंत सगळं असतं. गावाचं नाव बघून नव्हे, वरच्या पाचव्या पायरीने निवडा.

तरीही पहिला किल्ट नवा घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. भाड्याने किल्ट देणारी दुकानं काही वर्षं वापरलेले लोकरी किल्ट काढून टाकतात. ते १३ किंवा १६ औंसांचे असतात, शिलाई भाड्याच्या धकाधकीसाठी मजबूत केलेली असते, आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी पडते. अनेकांना कंबर सैल-घट्ट करायची जास्तीची भोकंही असतात. एडिनबरा-ग्लासगोच्या धर्मादाय दुकानांतही अधूनमधून हाती लागतात. दुसरा खजिना म्हणजे लष्करी जुना माल. २००६ मध्ये स्कॉटिश पलटणी एकत्र होऊन रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड झाली, त्यामुळे जुन्या पलटणींच्या टार्टनचे जाड किल्ट बाजारात आले. झुडपांत यांना काही होत नाही, उन्हाळ्यात मात्र जीव नकोसा होतो.

जुना किल्ट घेताना उजेडासमोर धरून पाहा. कसर लागली असेल तर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. निऱ्यांच्या आत कोपऱ्यांत जास्त शोधा. एखाद-दुसरं भोक रफू होतं, दहा-बारा असतील तर सोडून द्या. घरी आणल्यावर कपाटात ठेवण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे अंडी-अळ्या मरतात आणि तुमच्या स्वेटरांपर्यंत पोचत नाहीत.

आणखी एक स्वस्त रस्ता आपल्याकडे आहेच: शिंपी. युटिलिटी किल्ट हे काही गूढ काम नाही, स्कर्ट आणि शाळेचे चुणीदार गणवेश शिवणारा शिंपी तो शिवतो. ९५-१०० सेंटिमीटर सीट आणि ५८ सेंटिमीटर उंची असेल तर दीड मीटर पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड आणा. त्यातून ६५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात आणि उरलेल्या २० सेंटिमीटरमध्ये कंबरपट्टी आणि लूप होतात. पॉलिएस्टर मिसळलेलं ड्रिल किंवा कॅनव्हास घ्या. कापायच्या आधी एकदा धुऊन, सुकवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर आटल्यावर किल्ट गुडघ्याच्या बराच वर जातो. शिंप्याला तीन गोष्टी बजावून सांगा: दोन पट्ट्यांचा जोड निरीच्या आतल्या घडीत लपवायचा, निऱ्या एकाच दिशेने आणि फेलपर्यंत पक्क्या शिवायच्या, आणि मागे बकरम शिवून लावायचा.

आठवी पायरी: आत काय, पायात काय

खऱ्या स्कॉटिश माणसाने आत काही घालू नये हा विनोद मेजवानीपुरता ठेवा. दिवसभर चालताना घामाने ओल्या मांड्या एकमेकींवर घासतात आणि दहा किलोमीटरनंतर चालणं मुश्कील होतं. मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, अंगाबरोबर बसणारी शॉर्ट्स घाला, मेरिनोची किंवा सिंथेटिक. सुती नको. दाट व्हॅसलीन सोबत ठेवा आणि जळजळ सुरू व्हायच्या आधी लावा.

उघड्या पायांमुळे एक धोका नक्की वाढतो: गोचीड. स्कॉटलंडच्या गवतात आणि ब्रॅकनमध्ये त्या असतात आणि काहींमधून लाइम रोग होतो. उंच लोकरी मोजे आणि गेटर्स घाला, रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत आणि शॉर्ट्सच्या पट्टीखाली तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश असले उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा आला किंवा तापासारखं वाटलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगा.

चिलटं, म्हणजे मिजेस, साधारण मेअखेर ते सप्टेंबर असतात. वारा पडला की ढगासारखी येतात आणि किल्टच्या आतही शिरतात. डीट असलेलं औषध पायांना लावा, पण ते काही कृत्रिम कापडांना आणि प्लास्टिकला खातं. पीव्ही किल्ट असेल तर इकारिडिनचं घ्या. लोकरीला दोन्ही चालतात.

वाऱ्यासाठी किल्टपिन लावत असाल तर ती फक्त वरच्या ॲप्रनला लावा. दोन्ही ॲप्रन एकत्र टाचले तर पहिल्याच मोठ्या ढांगेला कापड फाटतं. कुंपणाच्या तारा ओलांडताना मागच्या निऱ्या हाताने पुढे गोळा करून धरा. बसताना दोन्ही हातांनी निऱ्या मागून खाली सारून त्यांच्यावर बसा, म्हणजे त्या मोडत नाहीत आणि ओल्या दगडाचा गारवाही थेट लागत नाही.

नववी पायरी: पहिला वापर आणि निगा

नव्या किल्टच्या निऱ्यांवर खाली पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका असतो. तो फक्त वाहतुकीपुरता असतो, घालण्याआधी काढायचा. तो तसाच ठेवून चालायला गेलेल्या माणसाला आपला किल्ट इतका अरुंद का हे कळत नाही. मात्र फेलमधले पक्के टाके त्याच झटक्यात उसवू नका. पांढरा आणि लांब-लांब टाका तेवढाच काढायचा.

लांबच्या प्रवासाआधी एकदा सात-आठ किलोमीटरची फेरी सॅक भरून मारा. कुठे काचतं, कुठला पट्टा सरकतो, ते घराजवळ कळलेलं बरं.

लोकरी किल्ट दर वेळी धुवायचा नाही. चिखल पूर्ण सुकू द्या, मग कपड्यांच्या ब्रशने वरून खाली झाडा. ओला चिखल चोळला तर तो धाग्यांत बसतो. घामाचा वास एक रात्र मोकळ्या हवेत टांगल्यावर जातो. धुवायचाच असेल तर आधी निऱ्या खाली कच्च्या टाक्याने बांधून घ्या, टबात गार पाण्यात लोकरीचा साबण घालून भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सपाट पसरून सावलीत सुकवा. गरम पाणी आणि घासणी यांनी लोकर आटून नमद्यासारखी होते, आणि ती परत येत नाही. पीव्ही ३० अंशांवर मशीनमध्ये, निऱ्या बांधून जाळीच्या पिशवीत. सुती किल्ट पहिल्यांदा एकटाच धुवा, रंग जातो. इस्त्री करताना निऱ्या एकेक करून ओल्या सुती फडक्याखाली दाबा, इस्त्री सरकवू नका.

फेलच्या तळाशी एक टाका तुटलेला दिसला तर त्याच संध्याकाळी घाला. सॅकमध्ये एक सुई आणि जाड पॉलिएस्टर दोरा ठेवावा तो यासाठीच. एक निरी सुटली की शेजारची तिच्या वाट्याचा ताण घेते, आणि दोन दिवसांत तीन-चार सुटतात.

प्रवासात घडी घालू नका. किल्ट सपाट पसरून निऱ्या जुळवा, एका ॲप्रनकडून गुंडाळत जा आणि ती गुंडाळी जुन्या नायलॉन स्टॉकिंगच्या कापलेल्या पायात सारून द्या. निऱ्या दाबून बसतात आणि मुक्कामी पोचल्यावर इस्त्री शोधावी लागत नाही.